फिटरकाकांनी धार लावली

घरात काही ढिलं राहिलेलं फिटरकाकांना खपत नसे. नळ असो, खिडकीची कडी असो, साखरेच्या बरणीचं झाकण असो, एकदा त्यांचा हात फिरला की ती वस्तू अशी बसायची, की पुन्हा उघडायला त्यांनाच हाक मारावी लागे. उभा जन्म कारखान्याच्या दुरुस्ती खात्यात गेला. निवृत्तीला साहेबांनी हार घातला, घड्याळ दिलं आणि माणूस घरी पाठवला. पण हात कसे निवृत्त होणार? ते आपले शिवशिवतच राहिले. सकाळचा चहा उकळेपर्यंत काका काहीतरी आवळून मोकळे झालेले असत. मग दिवसभर पायाला भिंगरी, आत्ता घरात तर आत्ता कोपऱ्यावर. नेमकी त्याच वेळी काकूंना साखर लागायची आणि त्या बरणी काखेत मारून शेजारच्या शिंपीणबाईंकडे जायच्या.

"आवळली का पुन्हा?" शिंपीणबाई विचारायच्या.

"काय करता, सवय आहे त्यांची," काकू म्हणायच्या.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता काकूंच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी शस्त्रक्रिया झाली. बरेच दिवस दुखत होतं, त्या बोलल्या नव्हत्या. हातातून कप सुटून फुटला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हाताला पेलत नाही असं काही वर्षानुवर्षं दाबत होतात का?"

काकूंनी एकदा काकांकडे पाहिलं. "कपडे पिळते ना," त्या म्हणाल्या.

झालं! घरी आल्या आल्या काकांनी मागच्या खोलीतल्या भंगारातून दोन नळ्या काढल्या, हँडल बसवलं आणि कपडे पिळायचं यंत्र उभं केलं. त्यात पहिल्याच दिवशी त्यांच्या शर्टाची सगळी बटणं गेली, ते सोडा. काम तडीला नेल्याचं समाधान त्यांना संध्याकाळपर्यंत पुरलं.

खरी अडचण पुढे होती. घराच्या दर्शनी भिंतीला लागून काकूंचे गुलाब होते. गुलाब काकूंचे, बाग काकूंची, तिथे पान्याला मज्जाव. पावसाळा सरला की त्यांची छाटणी व्हायला हवी, नाहीतर झाड उंच वाढून नुसतं काटक्यांचं होतं आणि फुलं शेंड्याला येतात, शेजाऱ्यांच्या गॅलरीतून बघायला. फांद्यांवरचे डोळे, नव्या फुटीच्या त्या बारीक गाठी, फुगून लाल व्हायला लागले होते. काकू खिडकीशी खुर्ची टाकून बांधलेला हात मांडीवर घेऊन बसायच्या आणि सुस्कारे सोडायच्या.

"मी करतो की," काका म्हणाले.

"नको. उशीर झाला तर झाला. तुम्ही हात लावायचा नाही."

"अगं, त्यात काय आहे? कापायचं तर आहे."

"म्हणूनच," काकू म्हणाल्या.

असं म्हटल्यावर दुसरा माणूस गप्प बसला असता. काका दोन दिवस बसले, तेही येरझाऱ्या घालत. तिसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा गोळ्यांनी डोळा लागला आणि काकांनी दारामागच्या खिळ्यावरची छाटणीची कात्री हळूच काढली.

कात्री त्यांनीच आणलेली होती. या घरात आले, अंगणात चार हात माती मिळाली, तेव्हा काकूंना बाग करायची हौस आली आणि काकांनी दुकान पालथं घालून सगळ्यात भक्कम कात्री उचलली होती. वजनदार, लाल मुठींची. हातात घेताच 'वा!' म्हणावं अशी. आता तिचे दोन्ही भाग लडबडत होते. मधला नट पार ढिला.

"एवढी वर्षं ही बाई अशा कात्रीनं काम करत होती?" काका स्वतःशीच पुटपुटले. त्यांना खरंच वाईट वाटलं. बोलायचं तरी!

त्यांनी कात्री खोलली, गंज खरवडला, तेल दिलं. मग पातं घेऊन ते ग्राइंडरपाशी बसले आणि तिथे त्यांच्या हातून घडायचं ते घडलं. छाटणीच्या कात्रीला एक पातळ पातं असतं आणि एक जाड आकडा. पात्याला धार फक्त बाहेरच्या अंगानं असते. आतलं अंग सपाट ठेवतात, कारण ते आकड्याला घासून गेलं तरच फांदी कापली जाते. हे बागेतल्या माणसाला ठाऊक. फिटरच्या डोळ्याला मात्र एकाच बाजूची धार म्हणजे अर्धवट सोडलेलं काम. काकांनी आतली बाजूही चाकावर धरली. ठिणग्या उडाल्या. हातावरचे केस सफाचट उतरतील अशी दुहेरी धार आली. मग नट असा आवळला, की कात्री आता जन्मात लडबडणार नव्हती.

बाहेर येऊन त्यांनी पहिलं झाड धरलं ते फाटकाजवळच्या कोपऱ्यातलं, पिवळं. जवळ होतं आणि फांद्या जाड होत्या, म्हणून. ते झाड कोणतं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. काकूंच्या आईच्या दारात असाच पिवळा गुलाब होता. त्याच्यावरून आणलेलं हे कलम. ती आई गेली, ते घर विकलं गेलं, तिथे आता गाड्या उभ्या राहतात. मागे राहिलं ते एवढं एक झाड. पण काकांच्या डोक्यात त्या क्षणी फक्त धार होती.

त्यांनी मूठ दाबली. पातं फांदीत शिरलं आणि अडकलं. पातं आणि आकडा यांच्यामध्ये फट पडली होती, फांदी त्या फटीत दुमडून बसली. काकांनी अजून जोर लावला. फांदी मोडली, तुटली नाही. पिळून ओढली तेव्हा सालीची लांब चिंधी खालपर्यंत सोलत आली. एक बिघडली म्हणून दुसरी करून पाहिली. दुसरी बिघडली म्हणून तिसरी. हा माणूस थांबला तेव्हा धरायला फांदीच उरली नव्हती. झाडाला कुणीतरी चावल्यासारखं दिसत होतं.

"आयला," काका म्हणाले आणि कात्री पुन्हा खिळ्याला लटकावून आले.

फाटकाच्या खांबामुळे तो कोपरा खिडकीतून दिसत नव्हता, तेवढंच नशीब. पण काकांच्या जिवाला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते कोपऱ्यात गेले. चेचलेल्या टोकांवर काळा डाग धरला होता. त्यांनी टोकांना ग्रीस फासलं. लोखंडाला ग्रीस लागू पडतं, म्हणून. तिसऱ्या दिवशी काळं बोटभर खाली उतरलं. त्यांनी जिथवर काळं होतं तिथे खडूची रेघ ओढली. पुढच्या सकाळी काळं रेघेच्या खाली! त्यांनी नवी रेघ ओढली, मग आणखी एक. खाली बुंध्याशी कलमाची गाठ होती. तिच्या वर पिवळा गुलाब, तिच्या खाली नुसतं जंगली मूळ. काळं गाठीच्या खाली गेलं, की आईचं झाड संपलं. मग फुटेल ते रानटी आणि काटेरी.

घरात चमचा पडला तरी काका दचकायला लागले. जेवता जेवता उठायचे, फाटकाशी जाऊन यायचे. काकू विचारायच्या, "कुणी यायचंय का?" काका म्हणायचे, "कुठे काय, पाय मोकळे करतोय." एवढे मोकळे पाय त्या गल्लीत कुणाचे नव्हते.

शेवटी न राहवून ते कात्री पिशवीत घालून रोपवाटिकेशेजारच्या दुकानात गेले. गल्ल्यावर मालकीणबाई होत्या, नाकावर चष्मा, नखांत माती.

"सगळ्यात मजबूत कात्री द्या," काका म्हणाले.

"कशासाठी?"

"कापायला!"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो दादा, सुकलेलं लाकूड कापायचं असेल तर ही घ्या, हिचं पातं सपाट पट्टीवर आपटतं. हिरवी फांदी मात्र चेचते. मनगटाएवढी फांदी असेल तर ही लांब दांड्यांची. त्याहून जाड असेल तर सरळ करवत. आणि कोवळी, जिवंत फांदी असेल तर तिला हवी पातं आकड्याला घासून जाणारी. आता सांगा, कशासाठी?"

काकांनी मुकाट्यानं पिशवीतली कात्री पुढे केली. बाईंनी ती मिटून उजेडात धरली. पातं आणि आकडा यांच्या मधून समोरचा रस्ता दिसत होता.

"अगं आई गं! हे कुणी केलं?"

"आहे एक फिटर," काका म्हणाले.

"त्याला सांगावं, बाबा, तू रेल्वेची इंजिनं दुरुस्त कर, झाडांच्या वाटेला जाऊ नकोस. आतली बाजू घासून टाकलीय मेल्यानं. ही गेली आता."

"सांगतो त्याला," काका म्हणाले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मग दुसरी द्या अशीच. एवढीच."

"हात कुणाचा?"

"म्हणजे?"

"वापरणार कोण? तुम्ही?"

"नाही. आमची ही."

"मग हात केवढा आहे त्यांचा? कात्रीला माप असतं. पूर्ण उघडल्यावर मूठ बोटांत मावली पाहिजे. मोठी झाली तर बोटं ताणून ताणून हाताची वाट लागते."

काकांनी हवेत हात धरला. दोन्ही तळवे समोर घेतले, अंतर थोडं कमी केलं, थोडं वाढवलं. डोळे मिटून नट चाचपला तर कितीचा पाना लागेल हे सांगणारा माणूस! त्या हातानं वाढलेलं जेवण रोज खाल्लं होतं, त्या हाताचा चहा प्यायला होता. आणि तो हात केवढा, ते सांगता येईना. 'एवढा' म्हणाले, मग 'नाही, एवढा' म्हणाले, आणि मग हात खाली घेतले.

"माप घेऊन या," बाई म्हणाल्या. "नाहीतर त्यांनाच आणा."

घरी येताना काका इतके भरभर चालले, की ओळखीचे दोघे हाका मारत राहिले. ती दुपारची झोपेची वेळ होती. काकू आडव्या झाल्या होत्या, डावा हात चादरीवर पसरलेला. काकांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, हळूच तळव्याखाली सरकवलं आणि श्वास रोखून पेन्सिल फिरवायला लागले. करंगळी झाली, अनामिका झाली. अंगठ्यापाशी आले तोच काकूंनी डोळे उघडले.

"अहो! काय चाललंय? अंगठा उठवून घेताय का माझा? घर विकताय?"

"नाही गं, माप..."

"कसलं माप? डॉक्टर काही बोलले का? खरं सांगा, मला काय झालंय?"

"तुला काही झालेलं नाही!" काका ओरडले आणि एका दमात सगळं ओकून मोकळे झाले. दुपारची झोप, ढिला नट, ग्राइंडर, पिवळं झाड, ग्रीस, खडू, सगळं.

काकू उठल्या, चप्पल न घालताच फाटकाकडे गेल्या. काका मागे. काळ्या पडलेल्या खुंटांवर पांढऱ्या रेघा एकाखाली एक ओढलेल्या होत्या. काकूंनी डाव्या हाताचं बोट शेवटच्या रेघेवर ठेवलं.

"आईचं होतं हो हे," त्या म्हणाल्या.

काका वळून घराकडे निघाले.

"कुठे चाललात?"

"पाणी आणतो."

"पाणी नकोय मला. उभे राहा इथेच. बघा काय केलंत ते." काका उभे राहिले. "सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून? कानात बोळे घातले होते का? एक गोष्ट म्हणून सोडवत नाही तुम्हाला जागच्या जागी! ढिली होती कात्री, माहीत होतं मला. मीच ठेवली होती ढिली. आवळली की मला मिटत नव्हती."

"का मिटत नव्हती?"

काकूंनी डोळे पुसले. "चला, दुकान बंद व्हायच्या आत."

दुकानात मालकीणबाईंनी काकूंचा डावा तळवा आपल्या तळव्याला लावून पाहिला आणि खणातून एक बारकी, हिरव्या मुठींची कात्री काढली. काकांना ती खेळण्यातली वाटली, पण तोंड उघडायची सोय नव्हती. काकूंनी ती डाव्या हातात घेतली आणि दाबली. खट्.

"अगंबाई! मिटली की!"

पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. खट्. खट्. काकूंना हसू फुटलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी यांचं खट् खट् चालूच.

"आधीची कशी मिटवत होतात?" मालकीणबाईंनी विचारलं.

"एक मूठ मांडीला टेकवायची आणि दुसरी वरून दाबायची. नाहीतर मग अंगठ्यानं रेटायची, जीव खाऊन."

"इतकी वर्षं? मग अंगठ्याचं काय झालं असेल!"

काकूंच्या लक्षात आलं आपण काय बोलून गेलो ते. त्यांनी बांधलेला उजवा हात हळूच पाठीमागे घेतला. काका पाठीमागेच उभे होते. तो हात त्यांच्या अगदी समोर आला, पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला, लहानसा. डॉक्टरांनी विचारलं होतं, काही दाबत होतात का. कपडे पिळते ना, असं ही म्हणाली होती. आणि आपण यंत्र केलं! कपडे कुठले? कात्री दाबत होती ही. आपण हौसेनं आणलेली, आपल्या पंजाच्या मापाची. काकांना त्या पिळायच्या यंत्राची इतकी लाज वाटली, की घरी जाताच पहिल्यांदा ते मोडावं असं झालं.

मोडायला वेळ नव्हता. ऊन उतरायच्या आत पिवळ्या झाडाचं बघायला हवं होतं. काकूंनी स्पिरिटमध्ये फडकं भिजवून दिलं, प्रत्येक कापाआधी पातं पुसायचं. पातळ पातं राहणाऱ्या भागाकडे, जाड आकडा टाकायच्या भागाकडे. डोळ्याच्या जरा वर, तिरकं. काका उकिडवे बसले आणि हिरवी कात्री हातात घेतली. त्यांच्या पंजात तिच्यावर दोनच बोटं मावत होती.

पहिला काप दिला. फांदी स्वच्छ तुटली, पण आतला गाभा तपकिरी होता.

"अजून खाली," काकू म्हणाल्या.

पुन्हा तपकिरी. अजून खाली. खडूच्या रेघा एकेक करून मातीत पडत गेल्या. प्रत्येक कापाला काकांच्या तळव्याची कातडी दोन मुठींमध्ये सापडत होती. एकदा तर रक्तच साकळलं.

"चिमटा बसतो गं हिचा," काका म्हणाले.

"बसतो," काकू म्हणाल्या. "सवय होते."

त्या टोमणा मारत नव्हत्या. नळाला पाणी आलंय असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. काकांनी फडकं उचललं. पातं पुसायचं होतं, ते पुसत राहिले, कितीतरी वेळ.

गाठीच्या वर आता एकच डोळा राहिला होता, तांबूस, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याच्या वर एक काप बसेल एवढीच जागा. काकांनी कात्री लावली आणि काढून घेतली.

"मला नाही जमत," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. "तू कर."

"डाव्या हातानं?"

"कर."

काकू गुडघ्यावर बसल्या. डाव्या हातानं कात्री डोळ्याच्या वर नेली, मान तिरकी करून अंदाज घेतला आणि मिटली. खट्. एवढंसं लाकूड उडून काकांच्या पायाशी पडलं. दोघांनी वाकून पाहिलं. गाभा पांढरा होता. ओलसर, पांढरा, कडेपर्यंत.

"जगेल," काकू म्हणाल्या. "बहुतेक जगेल." आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांनी काकांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "अहो, रडताय काय?"

"ग्रीस गेलं डोळ्यात," काका म्हणाले. जवळपास कुठे ग्रीस नव्हतं. मग नाक ओढून म्हणाले, "घरात आणखी काय काय आहे असं?"

"कसं?"

"माझ्या मापाचं."

काकू हसल्या. आधी थोड्या, मग खदखदून, बांधलेला हात पोटाशी धरून. काका हातातलं फडकं पिळत उभे होते, आत पळू का बाहेर पळू अशा बेतात.

"आधी खाली बसा," काकू म्हणाल्या. "वेळ लागेल."

काका तिथेच मातीत मांडी घालून बसले. काकूंनी साखरेच्या बरणीपासून सुरुवात केली.